जे तपासणीला परत आले नाहीत

“पायमोजे आणि बूट सहज घालता येतात का?”

नांदेडच्या ओपीडीत नऊवारी नेसलेल्या एका आजींना मी हा प्रश्न विचारला. त्या मुखेड तालुक्यातल्या. खुब्याचा मोडलेला गोळा काढून त्या जागी धातूचा बसवला होता आणि ही सहा महिन्यांनंतरची तपासणी होती. आजींनी जन्मात मोजा घातलेला नव्हता; चपलासुद्धा बाजाराला किंवा लग्नाला जाण्यापुरत्याच. त्या म्हणाल्या, “ते ऱ्हाऊ दे लेकरा. खाली कवा बसता येईल तेवढं सांग.” माझ्या हातातल्या फॉर्मवर पायमोज्यांना चार गुण होते. खाली बसण्याला एकही नव्हता.

तो फॉर्म म्हणजे हॅरिस हिप स्कोअर. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले सर्जन विल्यम हॅरिस यांनी तो १९६९ साली प्रसिद्ध केला आणि आजही खुब्याच्या शस्त्रक्रियेचं यश जगभर बऱ्याचदा याच मापानं मोजलं जातं. एकूण गुण १००. वेदनेला ४४, चालण्या-वावरण्याला ४७, सांध्याच्या हालचालीला ५ आणि पायात व्यंग नसण्याला ४. नव्वदच्या पुढे उत्तम, सत्तरच्या खाली वाईट. साध्या खुर्चीवर तासभर आरामात बसता आलं की ५ गुण. बस-रेल्वेत चढता आलं की १ गुण. एसटीची पहिली पायरी लोह्याच्या स्टँडवर काठी टेकत चढणारी म्हातारी माणसं ज्यानं पाहिली आहेत, त्याला तो एक गुण फार कमी वाटेल.

यात हॅरिस यांचा दोष नाही. अपघातात खुबा निखळलेले किंवा गोळा ज्यात फिरतो ती उखळ फुटलेले, आणि पुढे तो सांधा झिजून गेलेले असे त्यांचे रुग्ण होते. त्यांचा दिवस खुर्ची, जिना आणि बूट यांतच जात होता. आमच्याकडच्या माणसाचा दिवस चुलीपुढं, ओसरीवर, न्हाणीत आणि परसाकडं जातो, आणि यातलं प्रत्येक काम जमिनीपाशी चालतं. माझं पुढचं सगळं काम या एका फरकाभोवती फिरत राहिलं.

एम. एस. ऑर्थोपेडिक्सला मी नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होतो. इथं नुसता नांदेड जिल्हा येत नाही. हिंगोली, परभणीकडचे, उमरखेड-पुसदचे, तेलंगणाच्या सीमेपलीकडचेही रुग्ण येतात. रेसिडेंटला, म्हणजे शिकणाऱ्या डॉक्टरला, थिसिस करावाच लागतो. मी विषय घेतला होता तो साठीच्या पुढच्या माणसांमधलं खुब्याच्या मानेचं फ्रॅक्चर आणि त्यावर केलेलं अर्ध्या सांध्याचं रोपण. उखळ रुग्णाची तशीच ठेवायची आणि फक्त गोळा बदलायचा, म्हणून अर्धा. लोक त्याला ‘गोळा बदलला’ किंवा ‘बॉल टाकला’ म्हणतात.

विषय निवडताना मला वाटलं होतं की सगळं कौशल्य ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. पण खुब्याची गोष्ट ओटीच्या बरीच आधी सुरू होते.

लोकांच्या लेखी खुबा मोडला म्हणजे मोडला. प्रत्यक्षात मोड दोन जातींचे आहेत आणि त्यांचं नशीब वेगवेगळं आहे. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो, त्याखाली मान. ही मान सांध्याच्या पिशवीच्या आत असते. गोळ्याला रक्त मिळतं ते मुख्यतः मानेवरून वर चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून. मान मोडून सरकली की बहुधा त्या वाहिन्या तुटतात; मग मोड जुळत नाही किंवा गोळा मरतो. पण मोड त्याखाली, पिशवीच्या बाहेर, जाड स्नायू चिकटतात त्या भागात असेल तर तिथं रक्ताची कमी नसते. ते हाड कसंही ठेवलं तरी बहुधा जुळतं, फक्त आखूड आणि वाकडं जुळतं. लंडनचे सर्जन सर ॲस्टली कूपर यांनी १८२२च्या आपल्या ग्रंथात हा भेद मांडला. एक्स-रेचा शोध १८९५चा. म्हणजे आतलं काहीही दिसत नसताना, नुसतं रुग्णांकडं आणि मृत्यूनंतर त्यांच्या हाडांकडं बघून त्यांनी हे ओळखलं होतं.

हे दोन मोड कळले की आमच्याकडच्या हाडवैद्यांचं नाव का टिकून आहे तेही कळतं. कंधारच्या बाजूला एका गावात मला एक आज्जी भेटल्या. पाय दोनेक बोटं आखूड, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं, पण काठी घेऊन विहिरीपर्यंत जात होत्या. “मला तर झाडपाल्याच्या पट्टीनंच गुण आला,” असं त्या सगळ्या गावाला सांगत. त्यांचा मोड पिशवीबाहेरचा होता. तो पट्टीशिवायही जुळला असता. त्याच गावातल्या दुसऱ्या बाईंनी त्याच वैद्याची तीच पट्टी बांधली, त्यांची मान मोडलेली होती, आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. बरी झालेली बाई गावभर फिरते, सगळ्यांना दिसते. न उठलेली घरातल्या बाजेवर असते. वैद्याचा हिशेब गाव असा करतं. पुढे माझ्या लक्षात आलं की आमचा थिसिसचा हिशेबही याहून फार वेगळा नव्हता.

त्याआधी उशिराबद्दल सांगायला हवं, कारण मराठवाड्यातल्या खुब्याचा खरा शत्रू तोच आहे. म्हातारं माणूस न्हाणीत घसरतं, रात्री लघवीला उठताना तोल जातो, गोठ्यात म्हशीचा धक्का लागतो. पहिला दिवस तेल चोळण्यात जातो. मग वैद्य. मग तालुक्याला फोटो काढतात, म्हणजे एक्स-रे. मग पैशांची जुळवाजुळव. माझ्याकडे रुग्ण चौथ्या, आठव्या, कधी विसाव्या दिवशी यायचे, तोवर पाठीला जखमा पडलेल्या, छातीत कफ भरलेला, लघवीला जंतुसंसर्ग. वॉर्डात पायाला वजन बांधून, खाटेच्या पायथ्याशी विटा लावून ठेवायचं आणि शस्त्रक्रियेसाठी फिटनेस मिळण्याची वाट बघायची.

२०२० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. १७ देशांतले खुबा मोडलेले २,९७० रुग्ण. एका गटाची शस्त्रक्रिया निदानानंतर साधारण ६ तासांत, दुसऱ्या गटाची २४ तासांत. तीन महिन्यांतल्या मृत्यूंचं प्रमाण ९ टक्के आणि १० टक्के, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. काही जणांनी यातून ‘घाई केली नाही तरी चालतं’ असा अर्थ काढला. मी तो अभ्यास नांदेडच्या वॉर्डातल्या आठवणी डोळ्यांपुढं ठेवून वाचला. त्यातला उशिराचा गट २४ तासांचा आहे! आठव्या दिवशी मुखेडहून आलेल्या आजी त्या दोन्ही गटांत कुठंच नाहीत. त्यांच्यासाठी त्या निष्कर्षाचा आधार घेणं चूक आहे असं माझं ठाम मत आहे.

पैशांच्या बाजूनं मात्र मी स्वतःच्या डोळ्यांनी बदल बघितला. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होता. लातूरसह उरलेल्या जिल्ह्यांत ती नोव्हेंबर २०१३मध्ये पोचली. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं चालते. त्याआधी ‘रॉडचे पैसे’ हा वॉर्डातला रोजचा विषय असायचा. मुलगा गावाकडं जायचा, कुणाकडून तरी उसने आणायचा, किंवा येतच नसे. योजना आल्यावर पिवळं-केशरी रेशनकार्ड आणि दवाखान्यातल्या आरोग्यमित्राची, म्हणजे योजनेच्या मदतनिसाची खिडकी असा रस्ता तयार झाला. मंजुरीला वेळ लागतो, कागद अपुरे निघतात, हे सगळं खरं. तरी एखाद्या मुलानं आईच्या खुब्यासाठी बैल विकल्याच्या गोष्टी कमी ऐकू येऊ लागल्या.

आता थिसिसच्या हिशेबाबद्दल.

मास्टर चार्टमध्ये प्रत्येक रुग्णाची एक ओळ असते. सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, वर्ष. जो तपासणीला येत नाही त्याच्या रकान्यात ‘लॉस्ट टु फॉलो-अप’, म्हणजे तपासणीतून हरवलेला, असं लिहायचं आणि टक्केवारी काढताना त्याला बाजूला ठेवायचं. सगळीकडे असंच करतात. पण माझ्या तक्त्यात अशा ओळी वाढत गेल्या आणि मला चैन पडेना. सुटीच्या दिवशी मी गावं शोधत निघालो. हातात गावाचं नाव आणि कुणाचा तरी मोबाईल नंबर, बहुतेक वेळा बंद. पण पारावर जाऊन “खुब्यात गोळा बसवलेली म्हातारी कुठं राहते?” असं विचारलं की लगेच घर दाखवायचे.

पहिल्याच गावात अंगणात पोरगा भेटला. म्हणाला, “साहेब, माय पोळ्याच्या आधीच गेली. घरी आणल्यावर बाजेवरून उठलीच न्हाई.” त्याला दवाखान्याबद्दल तक्रार नव्हती. कळवायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या तक्त्यात ती माय ‘हरवलेली’ होती.

दुसरीकडे अगदी उलटं. एका आजोबांचा नंबर तिसऱ्या माणसाकडून मिळाला. ते मुलगा-सुनेबरोबर ऊसतोडीला गेले होते, कारखान्याजवळच्या कोपीत नातवंडं सांभाळत होते. “चालायलोय की साहेब, काठी बी टाकली. बरं असल्यावर कशाला यायचं?” हेही माझ्या तक्त्यात हरवलेले!

म्हणजे सर्वांत वाईट निकाल आणि सर्वांत चांगला निकाल, दोन्ही एकाच कोऱ्या रकान्यात. उरलेल्या मधल्यांच्या गुणांची सरासरी काढून मी शस्त्रक्रियेचं यश सांगणार होतो. आजच्या कृत्रिम खुब्याचा पाया घालणाऱ्या जॉन चार्नलींबद्दल मी वाचलं ते याच दिवसांत. इंग्लंडमधल्या रायटिंग्टन हॉस्पिटलात त्यांनी उखळीच्या जागी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली. सुरुवातीचे निकाल सुंदर होते. काही वर्षांतच टेफ्लॉन झिजून सांधे निकामी होऊ लागले. चार्नली रुग्णांना सोडून देत नसत, म्हणून ते त्यांना कळलं आणि त्यांनी पुन्हा एकेकाचा सांधा दुरुस्त केला. नोव्हेंबर १९६२पासून त्यांनी पॉलिथिलीनची वाटी बसवायला सुरुवात केली, तीच पुढे टिकली. मृत्यूनंतर सांधा काढून अभ्यासाला द्यायची संमतीही ते रुग्णांकडून घेत. एवढ्या थोर सर्जनला जे करावंसं वाटलं, ते एका रेसिडेंटनं लाल एसटीतून फिरून करायला काय हरकत होती? गाईड सरांनी घरभेटीच्या नोंदी थिसिसमध्ये घ्यायला परवानगी दिली. माझ्या आकड्यांची चमक त्यामुळे कमी झाली. ते खरे झाले.

घरभेटींनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी ओपीडीत कुणीच बोलत नव्हतं.

एका घरी आजींचे गुण उत्तम भरत होते. दुखत नाही, काठीवर दूरवर चालतात, खुर्चीवर बसतात. चहा झाल्यावर सूनबाई हळूच म्हणाल्या, “आत्याबाई संध्याकाळपासून पाणी पीत न्हाईत.” का, तर संडासात बसायची भीती. मुलानं प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून दिलं होतं, पण रात्री कुणाला उठवायचं म्हणून त्या तहानलेल्याच राहायच्या. आणि देवळातलं भजन सुटलं होतं. “समदे खाली बसलेले, अन् मी देवापुढं खुर्चीवर कशी बसू?” या दोन गोष्टींना हॅरिस यांच्या मापात जागा नाही. त्या आजींच्या आयुष्यात मात्र शस्त्रक्रियेनंतर उरलेले प्रश्न हेच होते.

आम्ही डिस्चार्जच्या कार्डावर सरसकट लिहितो: खाली बसू नका, मांडी घालू नका. याचं कारण खरं आहे. खुब्याचा सांधा मागच्या बाजूनं उघडून शस्त्रक्रिया केली असेल तर मांडी काटकोनापेक्षा जास्त वर येणं, आतल्या बाजूला ओढली जाणं आणि आत फिरणं, या तीन हालचाली एकत्र झाल्या की गोळा मागून निखळू शकतो. पण गावात लोक प्रत्यक्षात कसे बसतात ते बघितल्यावर मला वाटलं की ही एका ओळीची सूचना फार ढोबळ आहे. मांडी घालताना गुडघे बाहेर पडतात आणि मांडीचं हाड बाहेरच्या बाजूला फिरतं. त्यात धोका त्या मानानं कमी. नऊवारीतल्या बायका मात्र बहुधा दोन्ही पाय एका बाजूला मुडपून बसतात. त्या बसण्यात एका खुब्यात मांडी आत फिरते, आणि बसलेलं माणूस उठण्यासाठी पुढं वाकतं तेव्हा नेमक्या त्या तिन्ही हालचाली जुळून येतात. खरा धोका इथं आहे, आणि कार्डावर त्याचा उल्लेख नाही. मग मी फॉर्मला एक पुरवणी जोडली: जमिनीवर कसे बसता, कोणत्या बाजूला पाय मुडपता, उठताना कशाचा आधार घेता, संडासची सोय काय, पंगतीला बसता का, एसटीत कुणी हात द्यावा लागतो का.

गोळाच बदलायचा की उखळीसकट पूर्ण सांधा, या वादातही मला जमिनीवर बसण्याचा हाच धागा महत्त्वाचा वाटतो. २०१९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १० देशांतल्या १,४९५ रुग्णांचा अभ्यास आला. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली ती पूर्ण सांध्याच्या गटात ७.९ टक्क्यांना, अर्ध्याच्या गटात ८.३ टक्क्यांना, जवळपास सारखंच. सांधा निखळण्याचं प्रमाण मात्र ४.७ विरुद्ध २.४. खुर्चीवर जगणाऱ्या समाजात हा फरक पचून जाईल. जमिनीवर जगणाऱ्या थकल्या जिवासाठी मी अर्ध्या सांध्याकडंच झुकतो. रोज शेतात जाणाऱ्या धडधाकट माणसाचा विचार वेगळा.

पुढे मी लातूरला आलो आणि हॅरिस यांच्या मूळ निबंधात शोभावा असा रुग्ण मला तिथं भेटला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. औसा तालुक्यातल्या एका बाई तेव्हा नव्यानं लग्न होऊन आलेल्या. किल्लारीच्या भूकंपात दगडामातीची भिंत आणि वरचं माळवद कमरेवर आलं, उखळ फुटली. त्या प्रलयात हजारो माणसं गेली. जीव वाचला हेच मोठं होतं. वजन बांधून हाड जुळवलं गेलं. संसार केला, लेकरं वाढवली, आणि पन्नाशीत सांधा पूर्ण झिजून गेल्यावर त्या लंगडत माझ्यापुढं आल्या. अपघातानंतर झिजलेला खुबा, नेमका १९६९च्या अभ्यासाचा विषय. त्यांचाही पहिला प्रश्न “खाली बसता येईल का?” हाच.

त्यांचा पूर्ण सांधा बदलला. मोठ्या व्यासाचा गोळा घेतला, कारण तो निखळायला अवघड असतो. बसण्याचं शिक्षण शस्त्रक्रियेच्या आधी दिलं, सूनबाईंना समोर बसवून. पाय मुडपून बसणं कायमचं बंद. काही महिन्यांनी दिवाणावर मांडी. घरात कमोडची खुर्ची आणि भिंतीला धरायला पाइप, हे डिस्चार्जच्या आधी झालं पाहिजे असा माझा आग्रह होता. घरच्यांनी तो पाळला.

तरुणांचे खुबेही आता येतात. किनवट-माहूरच्या आदिवासी भागातून सिकलसेलचे रुग्ण, ज्यांच्या गोळ्याचं रक्त आजारामुळेच तुटतं. स्टेरॉइड किंवा दारूनं गोळा मेलेली तिशीतली पोरं. त्यांच्यात बसवलेला सांधा अनेक दशकं चालवायचा आहे. वर्षभराच्या तपासणीवर लिहिलेला थिसिस त्यांच्या काय कामाचा? रोहतक जिल्ह्यात मोजणी करून पन्नाशीपुढच्या लाखामागे वर्षाला १२९ जणांचा खुबा मोडतो असा आकडा अभ्यासकांनी काढला. तशी गावनिहाय मोजणी नांदेड-लातूरला व्हायला हवी, आणि बसवलेल्या प्रत्येक सांध्याची आयुष्यभराची नोंद व्हायला हवी. आशाताईंच्या हाती एक साधी वही दिली तरी सुरुवात होईल. नव्या रेसिडेंटांना मी एवढंच सांगतो की थिसिसच्या यादीतलं प्रत्येक घर बघून या.

आणि हे वाचणाऱ्यांना विनंती. घरातलं म्हातारं माणूस पडलं, पाय उचलता येत नाही, पाऊल बाहेर वळलंय, पाय आखूड दिसतोय, तर तेल चोळू नका, ओढून बघू नका. त्याच दिवशी एक्स-रे काढा आणि रेशनकार्ड बरोबर घेऊनच दवाखान्यात जा. शस्त्रक्रियेनंतर तपासणीची तारीख आली की दुखत नसलं तरी या. येणं जमत नसेल तर फोन करा. माणूस गेलं असेल तरीही तो एक फोन करा; ती नोंद आम्हाला हवी असते.